उपोसथ, रविवार आणि बाजारवार

आमच्या संग्रामपूर तालुक्यात तीन प्रकारचे 'दिवस' पाळले जातात. पहिला चंद्राच्या हिशेबाने येणारा पौर्णिमेचा, म्हणजे उपोसथाचा दिवस. दुसरा रविवार, शाळा-कचेरीच्या सुटीचा आणि विहारातील सामुदायिक वंदनेचा. तिसरा दिवस कोणत्याही कॅलेंडरात लाल अक्षराने छापलेला नसतो, पण सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यापर्यंत प्रत्येक मजुराच्या घरी तो सर्वांत आधी ठाऊक असतो. तो म्हणजे बाजाराचा दिवस. या तीन दिवसांचा एकमेकांशी संबंध काय, त्यांतील विश्रांतीचा दिवस खरोखर कोणता आणि तो कोणाच्या वाट्याला येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. धम्मवर्गातील विद्यार्थ्यांसाठी हा पाठ असल्यामुळे मुळापासून सुरुवात करतो.

तथागतांच्या काळी आजचा सात वारांचा आठवडा आपल्या देशात रूढ नव्हता. लोक दिवस मोजीत ते चंद्रावरून. वाराचा उल्लेख असलेला भारतातील सर्वांत जुना सनावार मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातील एरण येथील शिलालेखात सापडतो. तो लेख इ. स. ४८४ चा, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातील असून त्यात आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असे नोंदलेले आहे. म्हणजे तथागतांनंतर सुमारे हजार वर्षांनी. त्यामुळे बुद्धकाळातील उपासक कोणत्या वारी विहारात जात, हा प्रश्नच उद्भवत नाही. ते जात अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येला.

ही प्रथा कशी सुरू झाली याची हकीकत विनयपिटकाच्या महावग्गात आहे. राजगृह येथे मगधाचा राजा बिंबिसार याच्या मनात विचार आला की, इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या आठव्या, चौदाव्या आणि पंधराव्या दिवशी एकत्र जमतात, लोक त्यांचे ऐकावयास जातात आणि त्यांच्याविषयी लोकांत प्रेम व श्रद्धा निर्माण होते. मग भिक्षुसंघानेही त्या दिवशी का जमू नये? राजाने ही सूचना भगवंतांपुढे मांडली व भगवंतांनी ती मान्य केली. पुढे काय झाले तेही ग्रंथात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. भिक्षू ठरल्या दिवशी जमले, पण मुकाट्याने बसून राहिले. धम्म ऐकावयास आलेले लोक चिडले आणि हे काय मुक्या डुकरांसारखे बसतात, असे म्हणू लागले. तेव्हा भगवंतांनी आज्ञा केली की, जमल्यावर धम्म सांगितला पाहिजे. प्रातिमोक्षाचे पठण त्यानंतरच्या काळात आले.

या लहानशा प्रसंगात आम्हांस दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. उपोसथाचा दिवस आकाशातून पडलेला नाही. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी विसावा घेतला, अशा स्वरूपाची कोणतीही कथा त्याच्यामागे नाही. लोकांना एकत्र येण्यासाठी दिवस हवा, या व्यवहारी विचारातून तो ठरला. आणि दुसरे, त्या दिवशी नुसते जमणे पुरेसे नाही, आम्हांला काही सांगा, ही मागणी सामान्य माणसांनी केली आणि ती मान्य झाली. आजही एखाद्या विहारात वंदना आटोपून पंधरा मिनिटांत लोक चपला शोधू लागतात, तेव्हा राजगृहाच्या त्या श्रोत्यांची आठवण होते.

उपोसथाच्या दिवशी उपासक-उपासिकांनी अष्टशील घ्यावयाचे असते. पंचशील सर्वांना पाठ आहे. त्यातील तिसरे शील त्या एका दिवसापुरते पूर्ण ब्रह्मचर्याचे होते आणि आणखी तीन शिले जोडली जातात: मध्यान्हानंतर भोजन न करणे, नाच-गाणे, माळा, सुगंध व अलंकार यांपासून दूर राहणे, उंच व ऐषारामी आसन-शय्या न वापरणे. एका दिवसाच्या पहाटेपासून दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत ही मुदत. येथे विद्यार्थ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. उपोसथात श्रम करण्यास मनाई नाही. नांगर धरू नये, चूल पेटवू नये, असे कोठेही म्हटलेले नाही. मनाई आहे ती हिंसेला, चोरीला, खोटे बोलण्याला, नशेला आणि चैनीला. म्हणून उपोसथाला 'उपवास' म्हणणे अपुरे आहे, आणि 'सुटी' म्हणणे तर त्याहून अपुरे.

मग त्या दिवशी मनाने काय करावयाचे? अंगुत्तर निकायात विशाखेला उद्देशून सांगितलेले एक सुत्त आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात विशाखा उपोसथाच्या दिवशी भर दुपारी भगवंतांच्या भेटीस आली, तेव्हा भगवंतांनी तिला उपोसथाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील पहिला प्रकार आमच्या तालुक्यातील कोणाही माणसास लगेच कळेल, कारण त्याचे नावच गुराख्याचा उपोसथ असे आहे. गुराखी संध्याकाळी ज्याची गुरे त्याच्या स्वाधीन करतो आणि मनाशी म्हणतो, आज गुरे अमक्या ठिकाणी चरली, तमक्या ठिकाणी पाणी प्याली. उद्या अमुक रानात चारू, तमुक ठिकाणी पाणी पाजू. त्याचप्रमाणे एखादा उपोसथ धरणारा दिवसभर मनात म्हणत असतो, आज मी हे खाल्ले, उद्या ते खाईन. त्याचा दिवस लोभात जातो. असा उपोसथ फळत नाही, असे भगवंत म्हणतात. दुसरा प्रकार त्या काळच्या एका अन्य पंथाच्या व्रताविषयी आहे, तो येथे सोडून देऊ.

तिसरा तो आर्य उपोसथ. मळलेले चित्त योग्य उपायाने स्वच्छ करणे, हे त्याचे स्वरूप. हे समजावताना भगवंतांनी जे दाखले दिले आहेत ते राजवाड्यातील नाहीत, घरातील आहेत. डोके कसे धुतात? उटणे, माती, पाणी आणि माणसाची मेहनत यांनी. कपडा कसा स्वच्छ होतो? ऊब, खार, शेण, पाणी आणि मेहनत यांनी. आरसा तेल, राख आणि कुंचला यांनी उजळतो, सोने भट्टी, मीठ, गेरू आणि फुंकणीने. प्रत्येक दाखल्याच्या शेवटी 'त्याला लागणारी माणसाची मेहनत' हे शब्द येतात. ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. सुटीच्या दिवशी आमच्या घरोघरच्या माता-भगिनी नेमक्या ह्याच गोष्टी करीत असतात. मुलींची डोकी धुतात, आठवड्याचे कपडे घेऊन बसतात, भांडी राखेने घासतात. सुत्त वाचून दाखवल्यावर ते त्यांना समजावून सांगावे लागत नाही. मात्र त्या कामातून उठून सुत्त ऐकायला त्या विहारात येऊ शकतात का, हा खरा प्रश्न आहे. त्याकडे पुढे येऊच.

सम्राट अशोकाने उपोसथाच्या दिवसाला राज्याचा आधार दिला. त्याच्या पाचव्या स्तंभलेखात ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत, पक्षाच्या अष्टमी, चतुर्दशी व पंधरवड्याच्या दिवशी बैल खच्ची करू नयेत, अशा आज्ञा आहेत. सारनाथच्या लेखात उपासकांनी व महामात्रांनी प्रत्येक उपोसथाला हजर राहावे असे म्हटले आहे. मुक्या प्राण्यांनाही त्या दिवशी अभय होते, हे विशेष.

आता रविवाराकडे वळू. सात दिवसांतून एक दिवस विसावा, ही कल्पना जगात पसरली ती यहुदी लोकांच्या शब्बाथापासून. त्यांचा दिवस शनिवार. महाराष्ट्राला तो नवा नाही. कोकणातील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शेजारीपाजारी 'शनिवार तेली' म्हणत. यहुद्यांच्या धर्मग्रंथात शब्बाथाची आज्ञा दोन ठिकाणी आली आहे. एका ठिकाणी कारण दिले आहे ते ईश्वराच्या विश्रांतीचे. दुसऱ्या ठिकाणी, अनुवादाच्या पुस्तकात, कारण वेगळे आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता हे आठवा आणि म्हणून तुमचा दास, दासी, बैल, गाढव आणि तुमच्या गावातला परका या सर्वांनाही त्या दिवशी विसावा द्या. ईश्वर मानणे वा न मानणे हा भाग निराळा. परंतु गुलामगिरी भोगलेल्या समाजाने विश्रांतीचा कायदा करताना प्रथम आपल्या दासीची आणि बैलाची आठवण ठेवली, ही गोष्ट आपल्यासारख्या समाजाने आदराने वाचावी अशी आहे.

ख्रिस्ती लोकांनी शनिवाराऐवजी रविवार धरला. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन याने इ. स. ३२१ मध्ये रविवारच्या सुटीचा हुकूम काढला. न्यायालये बंद, शहरांतील कारखाने बंद. पण त्याच हुकुमात एक अपवाद होता. खेड्यात शेतीचे काम करणाऱ्यांना रविवारी काम करण्यास मुभा असावी, कारण पेरणीचा योग्य दिवस चुकला तर पुन्हा हाती लागत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे बरोबरच आहे, वाफसा कोणाची वाट पाहत नाही. परंतु परिणाम असा की, जगातील रविवारचा पहिला मोठा कायदा झाला त्याच दिवशी शेतमजूर त्याच्या बाहेर राहिला. पुढील सोळा-सतरा शतके तो बाहेरच आहे.

भारतात इंग्रजी अंमलात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत. गिरण्या मात्र चालू असत. मुंबईच्या कापड गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो प्रामुख्याने लहान मुलांसाठी. त्यात मुलांना महिन्यातून चार सुट्या मिळाल्या, प्रौढ स्त्री-पुरुषांना काहीच नाही. शिवाय वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. आमच्या वऱ्हाडातील सरकी काढण्याचे जिनिंग कारखाने हंगामी. खामगावच्या कापसाचे नाव विलायतेपर्यंत गेले, परंतु हंगामी म्हणून जिनात राबणाऱ्या हातांना कायदा लागू झाला नाही.

या परिस्थितीत उभे राहिले नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८. महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, काही काळ गिरणीत नोकरी केलेले. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र पुढे लोखंड्यांनी मुंबईहून चालविले. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या साध्या होत्या. दर रविवारी सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा. कामावर जखमी झाल्यास भरपाई मिळावी. आज या मागण्या वाचताना असे वाटते की यात मागण्यासारखे ते काय? पण त्या मिळविण्यासाठी सहा वर्षे लागली.

२४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० साली, दहा हजारांच्या गर्दीसमोर, गिरणीत राबणाऱ्या बाया बोलतात आणि रविवारची सुटी मागतात, ही घटना आमच्या पाठ्यपुस्तकांत किती ठिकाणी आहे? विद्यार्थ्यांनी शोधून पाहावे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने आठवड्याच्या सुटीची मागणी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुटीची तरतूद झाली. त्या वेळच्या कामगारांना रविवार काही परका नव्हता. तो खंडोबाचा वार, घाटावरच्या माणसाला जवळचा. पण साहेबाची मेहेरबानी म्हणून किंवा खंडोबाची कृपा म्हणून तो मिळाला नाही. सह्या गोळा करून, सभा भरवून तो मिळविला गेला. लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी प्लेगच्या साथीत वारले. २००५ मध्ये भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. रविवारची सुटी सगळेच घेतात, लोखंड्यांचे नाव किती घरांत माहीत आहे, हे ज्याचे त्याने तपासावे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रम आणि विश्रांती यांचा प्रश्न आपल्या समाजाच्या अनुभवातून पाहिला होता. बलुतेदारीतील महाराला वार नव्हता, सण नव्हता, रात्रही नव्हती. मुंबई इलाख्यातील महार वतनाविषयी १९२८ मध्ये त्यांनी विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हा त्यांची मुख्य तक्रार हीच होती की वतनदार महार हा चोवीस तासांचा नोकर आहे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लागत असे, त्याच्या मानेवर जू येत नसे. बैलामागच्या माणसाला असा एक दिवस कोणी नेमून दिला नव्हता.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. कारखान्यातील कामगारांना भरपगारी रजा देणारी दुरुस्ती १९४५ मध्ये झाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. लोखंड्यांनी जिथे सोडले होते तेथून हे काम पुढे गेले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

आणि धम्माच्या बाजूने? १९५४ मध्ये ब्रह्मदेशातील बुद्ध शासन कौन्सिलपुढे बाबासाहेबांनी भारतातील धम्मप्रसाराविषयी एक निवेदन ठेवले. उपासकांसाठी दीक्षाविधी असावा, धम्माचा प्रचार करणारे उपदेशक तयार व्हावेत, या सूचनांबरोबर त्यांनी एक सूचना अशी केली की, विहारात दर रविवारी सामुदायिक वंदना व्हावी आणि त्यानंतर प्रवचन व्हावे. आपल्या रविवारच्या वंदनेचे मूळ येथे आहे. बाबासाहेबांनी उपोसथ सोडा असे म्हटले नाही. त्यांनी पाहिले की नव्या काळात माणूस मोकळा होतो तो अष्टमीला नव्हे, रविवारी. बिंबिसाराने जो विचार राजगृहात केला, तोच विचार नव्या काळात झाला: लोक ज्या दिवशी जमू शकतात तो दिवस धरा. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दीक्षाविधी अशोक विजयादशमीला झाला हे सर्वांस ठाऊक आहे. त्या दिवशी वारही रविवारच होता.

याच्या उलट प्रयोग श्रीलंकेत झाला. तेथे १९६६ मध्ये रविवारची सुटी रद्द करून चंद्राच्या चार पोय दिवसांना साप्ताहिक सुटी देण्यात आली. भावना चांगली होती. पण चंद्र सात दिवसांचा हिशेब पाळत नाही. कधी सुटी सातव्या दिवशी, कधी आठव्या. परदेशाशी व्यापार, बँका, जहाजे यांचा मेळ बसेना. १९७१ मध्ये रविवार परत आला. आज तेथे दर पौर्णिमेला सार्वजनिक सुटी असते, दारूची दुकाने त्या दिवशी बंद असतात, आणि साप्ताहिक सुटी मात्र रविवारी. म्हणजे जो मार्ग आपण येथे पाळतो, पौर्णिमेला उपोसथ व रविवारी वंदना, तोच साधारणपणे तेथेही ठरला.

आता आपल्या तालुक्याकडे येऊ. ज्या तालुक्यातील पातुर्डा गावी १९२९ साली बाबासाहेब येऊन गेले, त्या तालुक्यात आपल्या समाजातील शिकलेली मंडळी आज शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, परिचारिका अशा नोकऱ्यांत आहेत. त्यांना रविवार मिळतो. परंतु समाजाचा फार मोठा भाग आजही कपाशीच्या, सोयाबीनच्या, तुरीच्या शेतात मजुरीवर आहे. सालदार असेल तर त्याचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, आणि न गेला तो दिवस 'खाडा'. खाडा म्हणजे सुटी नव्हे. खाडा म्हणजे पैसे कापले. रोजाने जाणाऱ्या बाईला तर सुटी हा शब्दच लागू नाही. निंदणाचे दिवस असोत की वेचणीचे, ज्या दिवशी काम आहे त्या दिवशी जायचे, काम नसेल त्या दिवशी घरी बसायचे आणि त्या बसण्याला कोणी विश्रांती म्हणत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याने सात दिवसांत एक दिवस विसाव्याचा ठरविण्याची तरतूद केली होती आणि त्या कायद्याच्या यादीत शेतीही होती. ते कागदावर. बांधावर त्याचा पत्ता आम्हांस लागलेला नाही.

बांधावरचा जो काही सुटीचा दिवस आहे, तो बाजारवार. आठवड्याच्या मजुरीचा हिशेब त्या दिवशी होतो, पैसा हातात पडतो, म्हणून काम बंद किंवा अर्ध्या दिवसाचे. पण तो विसाव्याचा दिवस कसा म्हणावा? सकाळी मजुरी मिळण्यासाठी थांबणे, दुपारी डोक्यावर ऊन घेऊन बाजार करणे, तेल-मीठ, मिरची, भाजीपाला, मुलाची वही, सासूचे औषध, आणि उधारी चुकती करून उरले त्यात पुढचा आठवडा बसविणे. बाजारच्या रात्री ज्या घरी मजुरीचे पैसे बाजारापर्यंत पोहोचण्याआधीच दारूच्या गुत्त्यावर पोहोचतात, त्या घरची बाई काय भोगते हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पाचवे शील तेथे, त्या दिवशी, त्या रस्त्यावर कसाला लागते. विहारातल्या सतरंजीवर ते पाळणे तुलनेने सोपे आहे.

रविवारच्या वंदनेला कोण येते ते आपण सर्वजण पाहतो. नोकरदार, निवृत्त, विद्यार्थी, लहान मुले, काही वृद्ध उपासिका. सकाळी नऊ-दहाची वेळ ही रविवार मिळणाऱ्यांची वेळ आहे. त्या वेळेस मजूर बाई शेतात असते. नोकरदाराच्या घरातली गृहिणीही मोकळी नसते, कारण सर्वजण घरी असल्यामुळे रविवारी तिचे काम दुप्पट होते. मटण-भाकरी, धुणे, पाहुणे. सुटी घरात येते ती पुरुषाच्या आणि मुलांच्या वाट्याला. आणि मग सभेत बोलणारे म्हणतात की समाजात धम्माची आवड राहिली नाही. आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. वर्षावासात रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा जेवणखाण उरकून, दिवसभराचे निंदण अंगावर घेऊन बाया येऊन बसतात. डोळा लागतो, पुन्हा जाग्या होतात, पण येतात. आवड आहे. वेळ चुकीची आहे.

या बाबतीत जातकात एक कथा आहे. गंगमाल जातक म्हणून ती ओळखली जाते. वाराणसीत एक श्रेष्ठी होता. उपोसथाच्या दिवशी त्याच्या घरचे सगळे लोक, बायकामुले, नोकर, गुराख्यांपर्यंत सर्वजण उपोसथ पाळीत. एक गरीब माणूस त्याच्याकडे नवीनच मजुरीला लागला होता. तो भल्या पहाटे उठून कामावर गेला. त्याला कोणी सांगितलेच नाही की आज उपोसथ आहे. दिवसभर राबून तो संध्याकाळी परतला तर घर शांत. त्याच्यापुढे भात वाढून आला. त्याने विचारले, इतर दिवशी जेवणाच्या वेळी किती गडबड असते, आज सगळे कोठे गेले? त्याला कळले की सर्वांनी उपोसथ धरला आहे. इतक्या शीलवान माणसांत आपण एकटेच शीलावाचून का राहावे, असे त्याला वाटले. त्याने जाऊन श्रेष्ठीला विचारले, आता दिवस संपत आल्यावर उपोसथ घेतला तर चालेल काय? श्रेष्ठी म्हणाला, पूर्ण नाही, पण अर्धा उपोसथ होईल. तेवढाही पुरे, असे म्हणून त्याने शील घेतले आणि अन्नाला हात लावला नाही. दिवसभराच्या श्रमाने व उपाशी पोटाने त्याला रात्री कळा आल्या आणि पहाटे तो वारला.

पुढे तो राजकुळात जन्मला वगैरे भाग जातकाच्या पद्धतीप्रमाणे आहे, तो आम्ही बाजूस ठेवतो. भुकेल्या मजुराने उपाशी राहून जीव द्यावा, असेही कोणी या कथेतून घेऊ नये. तथागतांचा मार्ग मध्यम मार्ग आहे आणि कष्टकऱ्याने संध्याकाळी पोटभर जेवावे. कथेतील आम्हांस बोचणारे वाक्य निराळेच आहे: त्याला कोणी सांगितलेच नाही. घर धार्मिक होते, मालक सज्जन होता, गुराख्यापर्यंत सर्वजण शील पाळीत होते, आणि तरीही जो पहाटे कामावर निघून गेला तो सुटला. आजच्या भाषेत म्हणायचे तर, वंदनेची वेळ ठरवताना तो बैठकीला नव्हता.

आणि त्याच कथेत उपायही आहे. दिवस संपताना आलेल्यालाही शील घेता येते, अर्ध्या दिवसाचा उपोसथही मोजला जातो. म्हणून आमची सूचना अशी की, रविवारची सकाळची वंदना आहे तशी चालू ठेवावी, तीत बालसंस्कार वर्ग असतो व मुलांना ती वेळ सोयीची आहे. परंतु पौर्णिमेचा कार्यक्रम सायंकाळी दिवेलागणीनंतर ठेवावा, आणि ज्या गावचा जो बाजारवार असेल त्या वारी रात्री साडेआठला विहारात अर्धा-पाऊण तासाची वंदना व एखाद्या सुत्ताचे वाचन व्हावे. बाजारच्या रात्री विहाराचा दिवा लागलेला असला तर गुत्त्याकडे वळणाऱ्या काही पावलांना दुसरी वाट दिसेल. काहींनाच, सर्वांना नव्हे. याविषयी आमचा भ्रम नाही. त्या रात्री खीरदान किंवा भोजन ठेवल्यास स्वयंपाक पुरुषांनी करावा, नाहीतर बायांच्या कामात आणखी एका पंगतीची भर पडेल आणि ऐकायला पुन्हा पुरुषच बसतील. कोणते सुत्त वाचावे हे ठरविताना विशाखेच्या सुत्तापासून सुरुवात करण्यास हरकत नाही.

अष्टशीलाविषयी एक व्यावहारिक बाब. मध्यान्हानंतर न जेवण्याचे शील शेतात राबणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि आजारी माणसांनी घेऊ नये. त्यांनी पंचशील घ्यावे व ते पाळावे. कोणी कोणते शील घेतले याची विहारात तुलना होऊ नये, विशेषतः सुनांच्या बाबतीत.

विद्यार्थ्यांसाठी थोडा गृहपाठ. आपल्या गल्लीतील दहा घरे घ्यावीत आणि प्रत्येक घरी विचारावे की गेल्या महिन्यात घरातील प्रत्येक माणसाला पूर्ण विसाव्याचे दिवस किती मिळाले. आई, आजी आणि वहिनी यांना हा प्रश्न वेगळा, त्या एकट्या असताना विचारावा, कारण चारचौघांत उत्तर वेगळे येते. आपल्या गावचा बाजारवार कोणता, मजुरीचा हिशेब कोणत्या वेळी होतो आणि खाड्याचे किती पैसे कापतात, हेही लिहून घ्यावे. वह्या पुढील पौर्णिमेला विहारात आणाव्यात. त्यावरून सायंकाळच्या वंदनेची वेळ ठरविता येईल.